व्हाइटनर म्हणजे दूध पावडर नव्हे

पावसात घोडबंदर रस्ता तुंबला की पिशवीचे दूध उशिरा येते, म्हणून आमच्या सोसायटीत आता घरोघरी टेट्रापॅकचे (खोक्यातले) दूध दिसते. ‘त्यात औषध घालतात’ हा समज निराधार आहे. सुमारे १३५ अंशांवर काही सेकंद तापवून ते निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून टिकते. फोडल्यावर मात्र फ्रिजमध्येच हवे. (सायीची आशा सोडा!)

खरी गल्लत पावडरीत आहे. दुकानात दूध पावडर मागितली की बिनदिक्कत डेअरी व्हाइटनर, म्हणजे चहा-कॉफीत घालायची दुधाची भुकटी, हातात ठेवतात. बहुतेकांत साखर असते, तीही पाकिटामागे बारीक अक्षरांत. मधुमेही आजोबांचा ‘बिनसाखरेचा’ चहा मग नावापुरताच. ‘साखरयुक्त’ हा शब्द पाकिटावर दर्शनी भागी, मराठीत, ठळक छापणे सक्तीचे करावे.

– एक गृहिणी, ठाणे (प.)