‘वर्षाला ९’ असं लिहून देणाऱ्या सर्जनना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही दादांच्या प्रोस्टेट कॅन्सरवर शस्त्रक्रिया केली नाहीत. आभार त्याचेच आहेत.

“प्रोस्टेट पूर्ण काढायची ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः वर्षाला किती वेळा करता?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. तुमच्याआधी दोन ठिकाणी तो विचारून झाला होता. पहिल्या ठिकाणी उत्तर आलं, “आमच्या हॉस्पिटलमध्ये हजारावर रोबोटिक केसेस झाल्यात.” त्या हजारात मूत्रपिंडं होती, गर्भाशयं होती, चार-पाच सर्जन होते. विचारलं होतं एका माणसाच्या हाताबद्दल, सांगितलं गेलं यंत्राबद्दल. दुसरीकडे तर हसून “सगळं मशीनच करतं हो” म्हणाले आणि लगेच तारखेवर आले.

तुम्ही पॅडवरचं पान फाडलंत, त्यावर ‘वर्षाला ९’ असं लिहिलंत, खाली दुसऱ्या सर्जनचं नाव लिहिलंत आणि पान दादांच्या हातात दिलंत. नुसतं सांगूनही भागलं असतं. पण तोंडी आकडा जिना उतरेपर्यंत फुगतो, आणि तुम्ही तशी सोयच ठेवली नाहीत. स्वतःकडे येऊ घातलेलं काम स्वतःच्या अक्षरात दुसऱ्याकडे पाठवणं किती जड जातं, ते या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, काढलेले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. सर्जनचा हात आम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, काचपट्टीवर भेटतो. काढलेली प्रोस्टेट ग्रंथी आली की बाहेरून उजव्या-डाव्या बाजूला वेगवेगळ्या रंगांची शाई लावायची, फॉर्मलिनमध्ये नीट मुरू द्यायची, मग तीन-चार मिलिमीटरचे काप घ्यायचे. कॅन्सरची पेशी शाईला टेकलेली दिसली की मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर कापलेल्या कडेपर्यंत आलेला. गाठ ग्रंथीबाहेर गेलेली असेल, म्हणजे टी-३, तर त्यात आजाराचाही वाटा असतो. पण गाठ आतच आहे, टी-२ आहे, आणि तरीही शाईला टेकली आहे, तेव्हा बऱ्याचदा सुरीच आत शिरलेली असते. म्हणून सर्जनला एकूण पॉझिटिव्ह मार्जिन किती हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. टी-२ मधली किती, हे विचारावं. त्या उत्तरात आजाराला पुढे करून हाताला मागे लपता येत नाही.

आणि ही चूक सर्वाधिक कुठे होते, तर टोकाला, एपेक्सला. तिथे ग्रंथी मूत्रनलिकेला मिळते आणि तिचं कवच धड नसतंच. थोडं अलीकडे कापलं तर ग्रंथीचा तुकडा, कदाचित कॅन्सरसकट, आत राहतो. थोडं पलीकडे गेलं की लघवी रोखणारा स्नायू दुखावतो. वर शिरांचं जाळं असतं. ते नीट बांधलं गेलं नाही तर रक्ताने काही दिसत नाही आणि हात अंदाजाने चालू लागतो. दोन्ही अंगांना मज्जातंतूंच्या जुड्या असतात. १९८२ साली पॅट्रिक वॉल्श यांनी त्या जपून ग्रंथी काढायची पद्धत सुरू केली, तेव्हापासून पुरुषाचं लैंगिक आयुष्य टिकण्याची आशा वाढली. पण कुठल्या बाजूची जुडी ठेवायची आणि कुठल्या बाजूला गाठ इतकी जवळ आहे की जुडीही काढून टाकायची, हे एमआरआय आणि बायोप्सी समोर ठेवून ठरवावं लागतं. ते पुस्तक वाचून जमत नाही. करून करूनच येतं.

किती करून? अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ७२ सर्जनांच्या ७,७६५ रुग्णांचा अभ्यास मांडला होता. उघड्या शस्त्रक्रियेत, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही, ज्याच्या हातून आधी १० शस्त्रक्रिया झाल्या आहेत त्याच्या रुग्णांत पाच वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता १७.९ टक्के, आणि २५० झालेल्याच्या रुग्णांत १०.७. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर शिकणं आणखी लांबतं. २००९ च्या अभ्यासात १० केसेसनंतर १७ टक्के, २५० नंतरही १६, आणि ७५० नंतर कुठे ९. त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना झोंबली होती. आधी उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेले सर्जन दुर्बिणीकडे वळले, तेव्हा त्यांचे निकाल थेट दुर्बिणीपासून सुरुवात केलेल्यांपेक्षा वाईट आले. मग “सगळं मशीन करतं” म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

वर्षाला नऊ या गतीने २५० गाठायला अठ्ठावीस वर्षं लागतात. हा भागाकार तुम्ही मनात केला असणार, म्हणून तर ते पान फाडलंत.

मोठा आकडा म्हणजे हमी, असंही नाही. बेग यांच्या २००२ मधल्या अभ्यासात ११,५२२ रुग्ण होते. अगदी कमी केसेस करणाऱ्या हॉस्पिटलांत शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी ३२ टक्के, खूप करणाऱ्यांत २७. मृत्यूत म्हणावा असा फरक नव्हता. पण भरपूर केसेस करणाऱ्या सर्जनांतही आपापसांत मोठी तफावत निघाली. तेव्हा नुसतं ‘किती’ विचारून थांबू नये. ‘लघवीवर ताबा ९५ टक्के’ असं कोणी सांगितलं, तर ताबा म्हणजे एकही पॅड नाही की दिवसाला एक ‘खबरदारीचा’ पॅड चालतो, आणि हे तिसऱ्या महिन्याचं की वर्षानंतरचं, हे विचारावं. लैंगिक क्षमतेचा आकडा तर वय, आधीची अवस्था आणि गोळी घेऊन की न घेता, हे कळल्याशिवाय ऐकूच नये. आणि कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागेवर, बसणार कोण? शिकणारा डॉक्टर असेल तर त्यात वावगं काही नाही, सगळे तसेच शिकले. फक्त कुठल्या पायऱ्या तो करणार, हे आधी सांगितलेलं असावं.

हॉस्पिटलचा अनुभव हा वेगळाच विषय आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. मूत्राशय आणि मूत्रनलिका जोडलेल्या जागी आठवडा-दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असतो. समजा तो रात्री दोन वाजता निसटला. ज्या वॉर्डात असे रुग्ण रोज असतात तिथली नर्स त्याला हात लावत नाही, थेट युरॉलॉजिस्टला बोलावते, आणि नवा कॅथेटर दुर्बिणीतून बघत घातला जातो. जिथे सवय नाही तिथे कोणीतरी भल्या मनाने नवा कॅथेटर आंधळेपणाने रेटतं आणि कोवळी जोडणी फाटते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, तरी रुग्णाचे पुढचे महिने वाया जातात. पोट फुगलं, ड्रेनमधून लघवी येऊ लागली, पोटरी सुजली, हे पहिल्या तासात कळणं आणि तिसऱ्या दिवशी कळणं यात फार अंतर असतं.

आमच्या खात्याचंही तेच, ते झाकत नाही. ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे याची प्रतवारी, ३+४ की ४+३, यावर उपचार बदलतो आणि क्वचितच प्रोस्टेट बघणारा डोळा तिथे चुकू शकतो. तुम्ही त्या पानाच्या तळाशी लिहिलं होतंत, ‘स्लाइड्स परत दाखवून घ्या.’ त्या ओळीखाली मीही सही करेन.

शेवटी तोंडी म्हणालात ते तर मी आता प्रत्येकाला सांगते: “दोन-तीन आठवडे चांगला हात शोधण्यात गेले तर बिघडत नाही.” प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत वाटलं होतं. १५ वर्षांनंतरही तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. कमी जोखमीच्या माणसाला “सध्या काढूच नका, पीएसए बघत राहू” (पीएसए म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) असं सांगणंही अनुभवी माणसालाच जमतं, कारण त्याला पुढच्या मंगळवारचं टेबल भरायचं नसतं.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला रात्रभर जागणारा डॉक्टर आठवतो, फी न घेणारा आठवतो. आपल्या मर्यादेचा आकडा शांतपणे लिहून देणारा सहसा आठवत नाही. त्याच्याकडे कोणी पेढे घेऊन जात नाही, कारण पेढे वाटायच्या वेळी रुग्ण दुसऱ्याच्या वॉर्डात असतो.

दादांचा रिपोर्ट माझ्या सहकाऱ्याने बघितला, मी नाही. टी-२, एपेक्सच्या सगळ्या कापांत शाई मोकळी. सहा आठवड्यांनंतरचा पीएसए ०.१ च्या खाली. मूळ फाइल दादांकडे आहे. तिच्यात सगळ्यात वर, एमआरआयच्याही आधी, तुमचं ते फाडलेलं पान लावलेलं आहे.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट