वाढदिवसाला ताटातूट नको

महोदय,

तुरुंगात आईबरोबर राहणाऱ्या मुलाला तिच्यापासून कधी दूर करायचं, याचा आकडा प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवला आहे. इंग्लंडमध्ये साधारण दीड वर्ष, स्पेनमध्ये तीन वर्षं, आपल्याकडे सहा. नॉर्वेत मुलाला तुरुंगात राहूच देत नाहीत. यातला कुठलाही आकडा समोरच्या मुलाकडे बघून ठरलेला नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

मूल तुरुंगातच वाढावं, असं मी म्हणत नाही. तुरुंगातल्या आयांच्या मुलांविषयीच्या आर. डी. उपाध्याय खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला, तेव्हा अशा मुलांच्या पाहणीतल्या नोंदी न्यायालयापुढे होत्या. घर म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सतत बायकांतच वाढल्यामुळे मुलगेसुद्धा मुलींसारखं बोलत होते. अशा जागी बालपण जाऊ नये, हे उघड आहे.

पण बाहेर काढायची रीत कोणती? जन्मल्यापासून एकही रात्र आईशिवाय न झोपलेलं पोर कपड्यांच्या पिशवीसकट अनोळखी माणसाच्या हाती दिलं, की त्याची नुसती आई दुरावत नाही. बराकीतल्या ज्या बायकांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याही त्याच दुपारी दुरावतात. त्याला कायदा कळत नाही, वयाची अट कळत नाही. आपलं काहीतरी चुकलं म्हणून आईने टाकलं, एवढंच ते मनाशी धरून बसतं.

निर्णय मुलागणिक घ्यावा, पुढची सोय आधी पक्की करावी आणि नंतर भेटीला जास्तीत जास्त वाव द्यावा, असं स्त्री कैद्यांविषयीची संयुक्त राष्ट्रांची २०१० ची बँकॉक नियमावली सांगते. हे प्रत्यक्षात यायचं तर तयारी काही महिने आधी सुरू व्हायला हवी. सांभाळणाऱ्याने आधी तुरुंगात येऊन मुलाशी गट्टी जमवावी. मग मुलाने दिवसभर त्याच्याकडे राहून संध्याकाळी आईकडे परतावं, मग एखादी रात्र काढून पाहावी. भावंडं असतील तर ती एकत्रच राहावीत. बालगृहातल्या मुलाला आठवड्यातून किमान एकदा आई भेटावी, असं उपाध्याय निकालातच आहे. ती भेट जाळीआडून नको, मांडीवर बसता येईल अशी हवी. त्या प्रवासाचं भाडं कोण भरणार, हेही आदेशात लिहावं. भेटी अडतात त्या बहुधा तिथेच.

खरं तर मुलाचा विचार शिक्षा सुनावतानाच व्हायला हवा. मुलांचा मुख्य सांभाळ करणाऱ्या आरोपीला शिक्षा देताना मुलांचं काय होईल हे न्यायाधीशाने पाहिलंच पाहिजे, असं दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये बजावलं. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कच्च्या कैदेतल्या गरोदर स्त्रियांना आणि बारा वर्षांखालील मुलांच्या आयांना, हिंसक गुन्ह्यांसारखे अपवाद सोडून, घरीच स्थानबद्ध ठेवायला सांगितलं. जिचा गुन्हा अजून शाबितच झालेला नाही, तिचं मूल तोडायची घाई कशासाठी?

आणखी एक. आईने तुरुंगाचा नियम मोडला म्हणून मुलाची भेट बंद करणं कुठेही खपवून घेऊ नये. बँकॉक नियमावलीच्या २३व्या नियमात त्याला स्पष्ट मनाई आहे.

आपली,
एक वाचक