शेवटच्या चौकटीतला चेहरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला सुपरहिरो कॉमिक्सवरचा लेख वाचला. या कॉमिक्सनी साठ वर्षांपूर्वीच वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठवला, असा त्याचा सूर, आणि पुरावा म्हणून 'एक्स-मेन'. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, कॉमिक्सचा नाद त्याहून जुना. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

'एक्स-मेन'चा पहिला अंक सप्टेंबर 1963 चा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची निर्मिती. जन्मतः अचाट शक्ती लाभलेले 'म्यूटंट' आणि त्यांना घाबरून त्यांचा द्वेष करणारा समाज, ही कल्पना. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी प्रचंड मोर्चा निघाला होता, म्हणून हे कृष्णवर्णीयांच्या लढ्याचं रूपक, असं आज सर्रास म्हटलं जातं. पण पहिल्या तुकडीतले पाचही जण गोरे. त्यातला एक तर गडगंज घरातला, आणि राहायला सगळ्यांना खासगी शाळेचा वाडा. त्यांचे गुरू प्रोफेसर झेविअर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचा म्यूटंट शत्रू मॅग्नेटो म्हणजे जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स, हेही मागाहून चिकटवलेलं. सुरुवातीचा मॅग्नेटो जग जिंकायला निघालेला सरधोपट खलनायक आहे. त्याच्या टोळीच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द होता! नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेला मॅग्नेटो वाचकांना भेटला तो 1981 मध्ये, क्रिस क्लेअरमाँट यांच्या लेखणीतून. श्रेय द्यायचंच तर त्यांना द्यावं.

माझी खरी तक्रार मात्र रूपकाबद्दलच आहे. म्यूटंट खरोखरच धोकादायक असतात. त्यांच्यातल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून किरण निघतात, चष्मा सरकला तर समोरची भिंत कोसळते. 'रोग' (Rogue) नावाच्या म्यूटंट मुलीचा नुसता हात लागला तरी माणूस बेशुद्ध पडतो. अशा मुलाशेजारी आपलं मूल बसवायला आईबाप कचरले, तर त्याला पूर्वग्रह म्हणायचं की सावधगिरी? 1927 मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी ज्यांनी ओंजळीने प्यायलं, त्यांच्या डोळ्यांतून कुठले किरण निघत होते? तरी ते तळं नंतर 'शुद्ध' करण्यात आलंच. द्वेषाला कारण लागत नाही. ही कॉमिक्स मात्र नकळत त्याला एक कारण मिळवून देतात.

(जाता जाता एक गंमत. अमेरिकेत मनुष्याकृती बाहुलीवर 12 टक्के आयातशुल्क होतं आणि इतर खेळण्यांवर 6.8 टक्के. म्हणून एक्स-मेनचे प्रकाशक 'मार्व्हल' यांच्याच उपकंपनीने कोर्टात सांगितलं, की आमचे एक्स-मेन माणसं नव्हेत. 2003 मध्ये कोर्टाने ते मान्यही केलं. ज्यांच्या माणूसपणासाठी चाळीस वर्षं कथा लिहिल्या, त्यांचं माणूसपण पाच टक्क्यांसाठी सोडून दिलं.)

रूपक किती सोयीचं असतं, हे पाहायचं असेल तर एक्स-मेनच्या दहा वर्षं मागे जावं लागतं. 1953 मध्ये 'ईसी' या प्रकाशनाच्या 'विअर्ड फँटसी'त 'जजमेंट डे' नावाची सातआठ पानांची गोष्ट आली. यात सुपरहिरो नाही. यंत्रमानवांच्या एका ग्रहावर पृथ्वीहून एक अंतराळवीर पाहणीला येतो: हा समाज आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात घेण्याजोगा झाला का? नारिंगी यंत्रमानव त्याला कौतुकाने सगळं दाखवतात. मग त्याला दिसतं, की निळे यंत्रमानव वेगळ्या वस्तीत राहतात आणि बसमध्ये मागे बसतात. दोघांच्या आतली यंत्रं अगदी एकसारखी, फरक फक्त वरच्या आवरणाचा. 'तुमची वेळ अजून आलेली नाही,' असं सांगून तो परत निघतो. यानात बसल्यावर शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. संपूर्ण गोष्टीत त्याच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

पुढे कॉमिक्समध्ये काय छापावं, काय नाही याची नियमावली आली. ईसीने हीच गोष्ट पुन्हा छापायला घेतली, तेव्हा तपासणी करणाऱ्या न्यायाधीश महाशयांनी हरकत घेतली. हरकत कशाला? नारिंगी-निळ्या भेदभावाला नाही, मागच्या बाकांनाही नाही. अंतराळवीर काळा नको, एवढंच! प्रकाशक बिल गेन्स हटले नाहीत आणि 1956 च्या सुरुवातीच्या अंकात गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं. रंगवलेल्या पत्र्यांवरचा अन्याय साहेबांना चालत होता, एका माणसाचा चेहरा चालला नाही. म्हणून कुठलंही 'पुरोगामी' कॉमिक हातात आलं की मी आधी शेवटची चौकट पाहते.

त्या कसोटीवर पुढच्या गोष्टी एकदम उतरतात असंही नाही. 1975 मध्ये एक्स-मेनची नवी तुकडी आली. त्यात केनियातली स्टॉर्म होती आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी अपाची जमातीचा थंडरबर्डही होता. त्या बिचाऱ्याला दुसऱ्याच मोहिमेत मारून टाकलं. 1993 मध्ये ड्वेन मॅकडफी आणि सहकाऱ्यांनी 'माइलस्टोन' हे कॉमिक्सचं प्रकाशन काढलं, तेव्हा कुठे कृष्णवर्णीय पात्रांना आपापसात भांडण्याची मुभा मिळाली. त्यांचा नायक 'आयकॉन' हा सुखवस्तू, पुराणमतवादी वकील. गरिबांच्या वस्तीशी त्याला देणंघेणं नाही. त्याला जागं करते ती त्याच वस्तीतली एक किशोरवयीन मुलगी. असं पात्र लिहायला रूपकाची गरज पडत नाही.

आता थोडं घरचं. माझ्या पिढीने मराठी 'इंद्रजाल' कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेक वाचले. जंगलातल्या काळ्या लोकांचं रक्षण पिढ्यान् पिढ्या एक गोरं घराणं करतं आणि 'सात राष्ट्रांचा राजपुत्र' लोथार राज्य सोडून एका जादूगाराचा मदतनीस होतो, यात खटकण्यासारखं आम्हाला काहीच दिसलं नाही. वेताळ गोरा आहे, हेही माझ्या ध्यानात कॉलेजात गेल्यावर आलं. ते अंक मी अजून टाकलेले नाहीत, टाकणारही नाही.

परवा नातवाला 'जजमेंट डे' मोबाइलवर दाखवली, बोलफुग्यांचा अर्थ सांगत सांगत. शेवटची चौकट पाहून तो 'मग?' म्हणाला. निळ्या यंत्रमानवांची बस मात्र त्याने बोटांनी मोठी करून दोनदा पाहिली.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा