मॅडम, तो थ्रो चुकला नव्हता

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला समोरासमोर सांगायला हवं होतं. परवा त्यासाठीच मैदानावर थांबलो होतो. पण तुमच्याभोवती नेहमीसारखा पोरांचा गराडा, आणि माझा घसा ऐन वेळी दगा देणार हे मला कळून चुकलं होतं. "थँक यू मॅडम" एवढंच म्हणून गाडीला किक मारली. म्हणून आता हे उघडं पत्र. उघडं अशासाठी, की तुमच्याखेरीज आणखी दोघा-तिघांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यातला एक मी स्वतः.

परवा लेकीने झेल घेतला. टेनिस बॉल, छातीच्या उंचीवर आलेला, दोन्ही हातांनी. सूर मारून वगैरे काही नाही. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. बॉल हातात आला, तिने परत फेकला आणि पुढच्या बॉलची वाट बघत उभी राहिली. मी जाळी धरून उभा होतो. नऊ वर्षांच्या पोरीने साधा झेल घेतला म्हणून बापाच्या डोळ्यांना पाणी येतं, याचं ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावं. त्याच्या पोराला कुणी कधी 'कच्चं लिंबू' केलेलं नसणार.

आमची लेक कायमची कच्चं लिंबू. खेळायला घ्यायचं, पण आउट झाली तरी आउट नाही, आणि जिंकली तरी तिचं काही नाही. लहानपणी त्यात लाड असतो. नवव्या वर्षी तो अपमान असतो आणि तिला तो पुरेपूर कळत होता. टीम पाडताना ती आधीच बाजूला जाऊन बुटाची लेस बांधत बसायची, म्हणजे शेवटी आपणच उरलो हे कुणाला दिसायला नको. ही लेसची भानगड मला तुमच्याकडून कळली. मी तिचा बाप, मला वाटत होतं हिला लेस नीट बांधता येत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तिला एका कोचिंगला घातलं होतं. नाव घेत नाही. तीन महिन्यांची फी आगाऊ. पहिल्याच आठवड्यात "हिचं लक्षच नसतं" असं निदान करून कोचसाहेबांनी तिला मैदानाच्या कडेला उभं केलं, लांब गेलेले बॉल आणून द्यायला. तीन महिने माझी मुलगी दुसऱ्यांचे बॉल उचलत होती. घरी आल्यावर "आज काय केलं?" विचारलं की म्हणायची, "फील्डिंग." मी खूश.

आणि माझी तऱ्हा त्याहून न्यारी. मी ऑफिसच्या टीमचा यष्टिरक्षक, मला काय कोण शिकवणार! रविवारी सकाळी सात मीटरवरून तिला टेनिस बॉल मारायचो आणि वर ओरडायचो, "बॉलकडे बघ! डोळे उघडे ठेव!" एकदा नाकावर बसला. रक्त आलं नाही, पण त्या दिवसापासून बॉल माझ्या हातातून सुटायच्या आधीच तिची मान फिरायची. मग मी आणखी जोरात ओरडायचो. आता बसून हिशेब केला तर लाज वाटते. सात मीटरवरून ताशी ५० किलोमीटरने फेकलेला बॉल अर्ध्या सेकंदात पोचतो. काहीतरी दिसलं आणि हात हलला, एवढ्यालाच मोठ्या माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, लहान मुलांना त्याहून जास्त. म्हणजे पोरीच्या वाट्याला उरायचा जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात बॉल कुठे येणार ते ओळखायचं, हात तिथे न्यायचे, बोटं उघडायची आणि नेमकी मिटायची. लवकर मिटली तर बॉल बोटांवर आपटतो, उशिरा मिटली तर तळव्यावरून उडतो. हे मी स्टंपमागे वर्षानुवर्षं करत आलो, त्यामुळे यात अवघड काही असतं हेच विसरलो होतो.

आता तुमचा पहिला दिवस.

हॉलमध्ये तुम्ही तिच्यासमोर दोन पावलांवर उभ्या राहिलात. हातात ती लाल बीनबॅग, दाणे भरलेली छोटी कापडी पिशवी. खालून, अलगद, तिच्या पोटाच्या उंचीवर टाकलीत. तिने सवयीप्रमाणे मान फिरवली, हात काठीसारखे ताठ, आणि बॅग मनगटाला लागून बाकाखाली गेली. लेक निघाली आणायला. तीन महिन्यांचा सराव होता ना. तुम्ही तिच्या खांद्याला हात लावून तिला थांबवलंत आणि म्हणालात, "थांब गं, थ्रो माझा चुकला."

आणि तुम्ही गेलात. गुडघे टेकलेत, बाकाखाली हात घातलात, हाताला येईना म्हणून जवळजवळ आडव्या झालात. उठलात तेव्हा बाहीला धूळ आणि कोपराला कोळ्याचं जाळं. ते झटकायलाही थांबला नाहीत. जागेवर येऊन म्हणालात, "आता बघू, मला जमतंय का."

त्या तासात बॅग किती वेळा पडली ते मी मोजलं. वाईट सवय आहे मला मोजायची. सतरा वेळा. सतराही वेळा तुम्हीच उचलायला गेलात, तेही धावत किंवा उसासा टाकत नव्हे, जणू उचलणं हाही खेळाचाच भाग असावा. लेक दर वेळी तुमच्या पाठीकडे बघत होती. दहाव्या-बाराव्या वेळेला तिचे वर चढलेले खांदे खाली आले. अठराव्या वेळी बॅग तिच्या हातात होती. तिने ती छातीशी कवटाळली, तीन-चार वर्षांची मुलं पकडतात तशी. चालेल म्हणालात.

मॅडम, मी यष्टिरक्षक आहे, थ्रो मला कळतो. तुमचा तो पहिला थ्रो चुकला नव्हता. अगदी हातात होता. बरेच दिवस मला वाटायचं की पोरीचं मन राखायला तुम्ही गोड खोटं बोललात. आता तसं वाटत नाही. समोर जो उभा आहे त्याला झेलता येणार नाही असा थ्रो कितीही सरळ असला तरी चुकलेलाच, हे तुम्ही मनापासून मानता, आणि पुढचे पाच महिने तुम्ही लेक नाही, थ्रो सुधारत होतात. निदान मला तरी ते तसं दिसलं.

पुढे झेल शिकवण्याबद्दल मी वाचत गेलो तसतशी तुमच्या त्या निळ्या झोळीतली एकेक वस्तू मला उलगडत गेली. बीनबॅग टप्पा खात नाही, गडगडत नाही, हातात पडली की हाताचा आकार घेते. म्हणून सुरुवात तिच्यापासून. मग ते पातळ रुमाल. बॉल एक मीटर खाली पडायला अर्धा सेकंदही घेत नाही, तोच रुमाल तरंगत, गिरक्या घेत येतो. बघायला वेळ, विचार करायला वेळ, आणि तोंडावर पडला तरी गुदगुल्याच. पिवळा रुमाल लेकीचा ठरला. दोन रुमाल आलटूनपालटून उडवायला लागली तेव्हा घरातले माझे हातरुमाल गायब व्हायला लागले. मग फुगा, मग शेपटीचा चेंडू, मग फोमचा, मग जमिनीवर टप्पा देऊन आलेला मोठा रबरी. टेनिस बॉल सगळ्यात शेवटी. मी सुरुवात तिथूनच केली होती. तो वाकडातिकडा, गाठी असलेला रबरी बॉल, टप्पा पडला की कुठेही उसळणारा, तो तुम्ही अजून झोळीतच ठेवला आहे. तिचा डोळा त्याच्यावर आहे, सांगून ठेवतो.

डोळे मिटण्यावरून मी तक्रार केली तेव्हा तुम्ही हसलात. "तिच्या नाकावर बसलाय ना एकदा? मग डोळे मिटणारच. ते त्यांचं काम चोख करतायत." आधी तुम्ही आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं, दोन्ही डोळे मिळून अंतर नीट ओळखतात का ते बघायला, कारण एक डोळा आळशी असला तरी झेल सुटतात. तिथे सगळं ठीक निघालं. मग तुम्ही फोमच्या बॉलवर स्केचपेनने आकडे लिहिलेत आणि झेल राहू दे, नुसता आकडा ओरड म्हणालात. माझ्या "बॉलकडे बघ"ने वर्षभरात जे झालं नाही ते त्या आकड्यांनी आठवड्यात केलं. "सात!" म्हणून ती ओरडली आणि सात तिच्या हातात होता. तिला बघायला काहीतरी कारण मिळालं होतं.

गंमत म्हणजे "बॉलवरून नजर हटवू नकोस" हा मी जन्मभर दिलेला सल्ला चांगले फलंदाजही पाळत नाहीत. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला, तर असं दिसलं की बॉल सुटताना ते बघतात, मग नजर पुढे उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते. भिंतीवर खडूने ठिपका काढून "फेकण्याआधी दोन मोजेपर्यंत तिथेच बघ" असं तुम्ही सांगायचात, त्याचंही मूळ मला सापडलं. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी बास्केटबॉल खेळाडूंच्या अशा स्थिर नजरेचा अभ्यास केला आहे, आणि पुढे हालचालींचा मेळ बसायला जड जाणाऱ्या मुलांना फेकणं-झेलणं शिकवताना ती युक्ती वापरली गेली, ती उपयोगीही पडली. अशी मुलं वर्गावर्गात असतात. डॉक्टरी पुस्तकांत शाळकरी वयातल्या मुलांपैकी ५ ते ६ टक्के असा आकडा आहे, म्हणजे ४० च्या वर्गात दोघं. लेक त्यातली आहे की नाही, तुम्ही कधी म्हणाला नाहीत. कुठली चिठ्ठी चिकटवली नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

(बाय द वे, २००४ साली काही मोठ्या माणसांना तीन महिने तीन चेंडू उडवायला शिकवलं, तर हलत्या वस्तू बघणाऱ्या मेंदूच्या भागात वाढ दिसली, आणि सराव सोडल्यावर ती ओसरायला लागली. हे वाचून मीही रात्री हॉलमध्ये तीन मोजे घेऊन उभा राहतो. दोन जमतात. तिसरा पंख्यावर जातो.)

पण हे वाचन सगळं नंतरचं. रुमाल, आकडे, ठिपका हे दुसरं कुणीही शिकवू शकलं असतं. कोचिंगवाल्यांकडे तर तुमच्या झोळीच्या दसपट सामान होतं: शंकू, शिड्या, बॉल फेकणारं मशीन. वाकायला माणूस नव्हता. आपल्याकडे शिकवणारा उभा असतो आणि शिकणारा वाकतो, ही रीतच होऊन बसली आहे. घरात, ऑफिसात, सगळीकडे. चूक कुणाची ते आधी ठरतं, मग पुढचं. परवा एका नव्या मुलाने माझ्याकडे चुकीची फाइल आणली. तोंड उघडणार होतो, तेवढ्यात बाकाखाली आडव्या झालेल्या तुम्ही आठवलात आणि आधी मी काय सांगितलं होतं ते आठवून बघितलं. सांगणंच अर्धवट होतं. त्या मुलाला बिचाऱ्याला कळलंही नाही की तो कुणामुळे वाचला.

तुमच्यासारखी माणसं स्वतःला चांगली समजत नाहीत, त्यामुळे हे वाचून तुम्ही "अहो, माझं कामच आहे ते" म्हणणार. नका म्हणू. कामात बीनबॅग टाकणं येतं. सतरा वेळा उचलणं येत नाही.

एक कबुली राहिली. ती लाल बीनबॅग गेला महिनाभर आमच्याकडे आहे. तुम्ही सुट्टीत सरावाला दिली होतीत, परत द्यायची राहिली, कारण तिची एका बाजूची शिवण उसवली आणि आतले दाणे घरभर झाले. अजून सोफ्याखाली सापडतात. सापडले तेवढे भरून मी स्वतः शिवली आहे. टीप तिरकी आली आहे आणि दोरा निळा आहे, लाल मिळाला नाही. पण दुहेरी घातली आहे, आता सुटायची नाही. सोमवारी लेकीबरोबर पाठवतो. ती म्हणते दप्तरात ठेवणार नाही, तुमच्या हातात फेकूनच देणार. दोन पावलांवर उभ्या राहा.

तुमचा,
पिवळ्या रुमालवालीचा बाबा