तक्रार करणाऱ्याची कॉलनी छापायची काय गरज होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल तिसऱ्या पानावर ती बिलांच्या घोटाळ्याची बातमी वाचली, रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून आज सकाळी चहाच्याही आधी लिहायला बसले. बातमी दिलीत हे चांगलंच केलंत. पण तक्रार करणाऱ्या बाबूचं नाव, तो कुठल्या कॉलनीत राहतो, बायको कुठल्या शाळेत शिकवते, सगळं छापलंत आणि ज्याच्यावर आरोप आहे तो मात्र "एक वरिष्ठ अधिकारी". हे कसं काय? वर मथळ्यात "मुखबिर". आपण इंदूरचे लोक बोलताना हिंदी शब्द सर्रास वापरतो, मीही वापरते, पण मुखबिर म्हणजे पोलिसांना गुपचूप खबर पुरवणारा. ह्या माणसाने सही करून तक्रार दिलीय. मराठीत त्याला जागल्या म्हणतात, रात्री गावात गस्त घालणारा, चोर दिसला की ओरडून गाव उठवणारा. एवढा चांगला शब्द असताना मुखबिर कशाला?

मला हे इतकं लागलं कारण आमच्या घरात हे होऊन गेलंय. 1994 चा हिवाळा. आमचे हे एका सरकारी खात्यात स्टोअरकीपर होते. ब्लँकेटं आली, बिल 400 चं. ह्यांनी गाठोडी मोजली, 13 निघाली, एकेकात 20, म्हणजे 260. साहेब म्हणाले रजिस्टरवर 400 चढवा, बाकी माल येतोय. ह्यांनी 260 च चढवली आणि वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं, माझं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती करून. तीन आठवड्यांनी तेच पत्र, ह्यांच्याच अक्षरातलं, साहेबांच्या टेबलावर. कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं, "कृपया अभिमत दें". ज्याची तक्रार त्यालाच अभिप्राय विचारायला पाठवलेलं! संक्रांत झाली आणि झाबुव्याची ट्रान्सफर हातात, मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर.

ट्रान्सफरही सोसली हो, पण माणसांचं वागणं नाही सोसलं. हळदीकुंकवाला गेले तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आणि वाण देताना एकीने हळूच म्हटलं, वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घ्यायचं. ऑफिसात ह्यांना घरभेदी म्हणायचे. 140 ब्लँकेटं गेली कुठे हे एकानेही विचारलं नाही. आणि खरं सांगते, पत्र टाकायच्या आदल्या रात्री मीही ह्यांना म्हटलं होतं, करून टाका ना सही, आपल्याला काय करायचंय. ते मला आजही टोचतं. लहानपणापासून हेच ऐकत आलो ना, चहाडी करू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्गात पेन्सिल कोणी चोरली हे पोराने सांगितलं तरी आपण आधी त्यालाच दटावतो.

तेव्हा कायदा नव्हता असं म्हणावं तर आता तरी कुठे आहे? सत्येंद्र दुबे ह्या इंजिनिअरने 2002 मध्ये हायवेच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधानांना लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून, तरी ते पत्र नावासकट खात्यांमधून फिरलं आणि 2003 च्या नोव्हेंबरात गयेला त्यांना गोळी घातली. कोर्टात ते लुटीचं प्रकरण ठरलं, पण नाव फुटलं ते फुटलंच. मग जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने पास केला, 2014 च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून लागूच केलेला नाही. त्यातही निनावी तक्रार चालत नाही आणि जाणूनबुजून खोटी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. खोट्याला शिक्षा असावीच, पण नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद त्याच कायद्यात लिहिलीय, ती कागदावरच राहिली. अमेरिकेत असा माणूस सरकारचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो तेव्हा कोर्ट त्याला त्यातला 15 ते 30 टक्के वाटा देतं, आपल्याकडे झाबुवा मिळतो.

व्यापमं, म्हणजे मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळातला प्रवेश आणि नोकरभरतीचा घोटाळा, आपल्याच इंदुरात 2013 मध्ये उघडं पडलं, तुम्हाला मी काय सांगणार. त्यातला एक जागल्या, ग्वाल्हेरचा तो आशीष चतुर्वेदी, कॉलेजातलं पोर, सायकलवर फिरायचा आणि सोबत संरक्षणाला पोलिस. फोटो तुम्हीही बघितला असेल. त्या पोराच्या घरच्यांच्या पोटात रोज काय होत असेल ते मला कळतं.

तेव्हा त्या बाबूच्या घराचा पत्ता आणि बायकोच्या शाळेचं नाव निदान तुमच्या वेबसाइटवरून आजच्या आज काढा. छापलेलं परत घेता येत नाही, तिथलं येतं. आणि मागच्या वेळी माझं ड्रेनेजबद्दलचं पत्र निम्मं कापून छापलं होतंत, त्यात कॉन्ट्रॅक्टरचाच भाग गेला होता, ह्या वेळी कृपया तसं करू नका. माझं नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर लिहिलाय, तो तुमच्याजवळच राहू द्या.

आपली,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर