एक तोळ्याची गोळी आणि दहा शनिवार

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या पेटीत टाकून भागलं असतं. पण यंदा मला तिघांनी विचारलं की रायफलची काडतुसं घरी भरायची कशी, आणि तुझी गोळी इतकी नेमकी कशी जाते. त्यांना द्यायचं उत्तर तुमचं आहे, म्हणून आभारही चारचौघांतच मानते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तुमच्या गॅरेजात आले, तेव्हा अमेरिकेत शिकारीच्या परवान्यासाठी लागणारा हंटर एज्युकेशनचा वर्ग झाला होता, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची शिकारी रायफल घेतली होती आणि दुकानातली काडतुसं महाग पडतात एवढंच मला कळत होतं. बंदूक घरात नवीन नव्हती. सिंधुदुर्गात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. आजोबा मापाने दारू ओतत, वर चिंधी ठासत, आणि रात्री डुकरं भातात उतरली की एक बार काढत. बहुतेक वेळा तो हवेतच असे. हे सगळं मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही हातातला मायक्रोमीटर खाली ठेवलात आणि म्हणालात, "आजोबांची काळी दारू मापाने चालते. ही दारू चालत नाही. हिचं वजन करायचं, आणि दर वेळी करायचं."

मग तुम्ही ड्रॉवरमधून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. १८० ग्रेन वजनाची. "हे किती झालं?" मला सांगता येईना. "एक तोळा," तुम्ही म्हणालात. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा, रुपयाचं वजनही तेवढंच. म्हणजे एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. त्या दिवसापासून ग्रेन हे परकं माप राहिलं नाही. आईच्या पाटल्या जितक्या तोळ्यांच्या, तितक्या गोळ्या, असा हिशोब डोक्यात बसला, आणि तराजूवर दारूचा एक-दशांश ग्रेन इकडेतिकडे झाला की सोनाराच्या दुकानात बसल्यासारखी मान आपोआप पुढे जायची.

तुमच्या बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा डबा कपाटात, कपाट बंद. रेडिओ बंद, फोन बाहेरच्या खोलीत. काडतुसं भरण्याचं छापील मॅन्युअल उघडं, आणि त्यातला दारूच्या वजनाचा सर्वांत कमी आकडा ही सुरुवात. दुसऱ्या कुणाच्या वहीतला आकडा उचलायचा नाही, तुमच्या वहीतलासुद्धा नाही, कारण तुमच्या रायफलीची नळी वेगळी, माझी वेगळी. थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बार उडतो तेव्हा दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत दाब चढू शकतो, आणि तो सगळा माझ्या गालापासून वीतभर अंतरावर, हे तुम्ही एकदाच सांगितलंत. पुन्हा सांगावं लागलं नाही. म्हणूनच माझ्या दारूचं वजन मी या पत्रात लिहीत नाही. ज्याला भरायचं आहे त्याने मॅन्युअल विकत घ्यावं आणि तळापासून चढत यावं. रायफलीच्या बोल्टचा दांडा उचलायला जड लागला किंवा प्राइमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, चपटा दिसला, की तिथेच थांबावं.

एप्रिलमधली ती संध्याकाळ तुम्ही विसरला असाल, मी नाही. वापरलेली पुंगळी पुन्हा मूळ मापाला आणायची म्हणून प्रेसने डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची असते; वंगण नीट न लावता मी ती दाबली आणि ती तिथेच चिकटली. जोर केला तर कडा फाटून निघाली. डाय तुमची, प्रेस तुमची, आणि दोन्ही तुमच्याकडे माझ्या वयाहून जास्त वर्षं. मला बोलवेना. तुम्ही काही न बोलता पुंगळीच्या बुडाला भोक पाडलंत, टॅपने आटे काढलेत, बोल्ट घातलात आणि पान्याचे चार फेरे देऊन ती अलगद बाहेर ओढलीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचे ते हात. नंतर वंगणाची डबी माझ्यापुढे सरकवून एवढंच म्हणालात, "बोटाला जाणवेल इतकं, डोळ्याला दिसेल इतकं नाही."

तुमच्याकडे शिकण्यात मला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर भाषेचा. इथली माणसं हेडस्पेस, शोल्डर बंप म्हणतात, तेच तुम्ही "खांदा दोन थाऊ मागे घे, जास्त नको" असं सांगायचात; खांदा म्हणजे पुंगळीच्या मानेखालचा उतार, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खांदा फार मागे ढकलला तर पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि काही वेळा वापरल्यावर बुडाच्या जरा वर फाटू शकते, हे तुम्ही एका जुन्या पुंगळीत वाकवलेली तार फिरवून दाखवलंत. आतली खाच तारेला अडकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नळी, चाप, पुंगळी, थाऊ, सूत. आजोबांच्या पडवीतले आणि तुमच्या वर्कशॉपमधले शब्द कोलोरॅडोतल्या ग्रीली गावच्या एका गॅरेजात एकत्र आले.

आता मूळ गोष्ट.

जूनच्या शेवटी मी पॉनी गवताळ प्रदेशातल्या रेंजवरून परतले ती नाचतच. १०० यार्डांवर तीन गोळ्या चार सुतांत, म्हणजे अर्ध्या इंचात. तो कागद मी घडीसुद्धा न घालता आणला होता. माझा लोड, म्हणजे गोळी, दारू आणि प्राइमरचा मेळ, सापडला होता, आता पन्नास काडतुसं भरायची. तुम्ही कागद पाहिलात, मागे तारीख लिहिलीत आणि म्हणालात, "छान. आता असाच दहा गोळ्यांचा आण."

आणला. गोळ्यांचा पसारा दोन इंचांहून मोठा होता.

मी लगेच दारू बदलायला निघाले. मग गोळी किती खोल बसवायची ते बदलू, मग प्राइमर. तेव्हा तुम्ही मला जे थांबवलंत, त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे. तुम्ही म्हणालात की तीन गोळ्या कधी कधी नशिबाने जवळ पडतात. त्या तिनांवरून तू दारू निवडशील, पुढच्या तिनांवरून ती टाकून देशील, आणि वर्षभर स्वतःच्याच नशिबामागे धावशील. आधी रायफल बघ. मग तुम्ही दस्ता आणि नळी यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवायला लावलीत. ती टोकापासून चार बोटांवर अडकली. लाकूड नळीला टेकत होतं, आणि नळी तापली की ते दर वेळी वेगळं ढकलत होतं. दुर्बिणीच्या बैठकीचा एक स्क्रूही सैल निघाला. तुम्ही लाकूड तासलंत, उघड्या जागेवर व्हार्निशचे दोन हात दिलेत म्हणजे ओल लागून ते पुन्हा फुगणार नाही, आणि स्क्रू मोजून आवळलेत. दारूच्या वजनाला हात लावला नाही. तोच लोड आज माझ्या वहीत आहे. मी तो बदलला असता तर बिघाड रायफलीत राहिला असता आणि दोष दारूला मिळाला असता.

त्यानंतर तुम्ही दहा शनिवार मागितलेत. दर शनिवारी सकाळी एकच गोळी. नळी थंड. कागद तोच, घरी आणायचा आणि पुढच्या शनिवारी त्याच जागी लावायचा. दीड तास जाऊन-येऊन गाडी चालवायची आणि एक बार काढून परत यायचं, हे मला तेव्हा फार जड गेलं. चौथ्या शनिवारी मी दुसरी गोळी झाडण्याची परवानगी मागितली. "सावज तुला नळी तापवायला वेळ देणार आहे का?" तुम्ही विचारलंत. शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, खांद्यावर डोंगर चढायचा म्हणून. तिचं खरं बोलणं पहिल्या, थंड गोळीतच असतं. ऑगस्टच्या उन्हात सुरू झालेला तो कागद ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत पूर्ण झाला. दहा भोकं, दहा सूत. सव्वा इंच. दहा वेगवेगळे दिवस, वेगवेगळा वारा, वेगवेगळी मी. जूनचा अर्ध्या इंचाचा कागद मी तुमच्या परवानगीने फाडून टाकला.

तुम्ही एवढ्यावर सोडलं नाहीत, हेही सांगायला हवं. बाकावरून उठवून मला गवतात बसवलंत, काठीच्या आधाराने नेम धरायला लावलात. २०० यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या बसल्या. ३०० वर दर चारांतली एक बाहेर गेली. "म्हणजे तुझं अंतर २५० च्या आत," तुम्ही म्हणालात, आणि मलाच वहीत लिहायला लावलंत. रायफलीचं अंतर कितीही असो.

नोव्हेंबरमध्ये शिकारीला फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या उतारावर बर्फात दुसऱ्या दिवशी सकाळी मला एल्कचा, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणांचा, कळप दिसला. माझा परवाना मादीचा होता. रेंजफाइंडरने ३८० यार्ड दाखवले. एक मादी आडवी उभी होती, वारा पडलेला होता, मागे डोंगराची भिंत होती. माझ्यासोबतची मैत्रीण कुजबुजली, "मार ना." मी बोट चापाबाहेरच ठेवलं. काका, तुम्हाला वाटत असेल की तुम्ही मला गोळी नेमकी कशी जाईल ते शिकवलंत. त्या मिनिटाला मला गोळी कुठे जाईल हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे मात्र पक्कं ठाऊक होतं. वहीतल्या त्या ओळीमुळे. कळप झाडीत गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, २१० यार्डांवर, मी एकदाच चाप ओढला. थंडी उणे दहाच्या खाली. जुलैपेक्षा थंडीत गोळीचा वेग थोडा कमी पडतो, ते आपण वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर आधीच पाहिलं होतं, त्यामुळे मनात शंका नव्हती. ती मादी चाळीस पावलं चालली आणि बसली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिचे डोळे शांत झाले होते. मला रडू आलं. त्याबद्दल मी तुम्हाला फोनवर काही सांगितलं नव्हतं, इथे सांगते. तिला वेदना थोडी झाली, आणि ती थोडी व्हावी म्हणून एका माणसाने आठ महिने आपले शनिवार दिले होते.

मांस खाली आणायला आम्हा दोघींना तीन खेपा लागल्या.

गेल्या महिन्यात तुम्ही तुमची रॉक चकर प्रेस माझ्या गाडीत ठेवलीत, हात थरथरतात, आता एक-दशांश ग्रेन दिसत नाही म्हणालात. मी तेव्हा नुसती मान हलवली. प्रेस माझ्याकडे राहील, पण बाकावर तुमची खुर्चीही आहे. वजन मी करेन, आकडा मोठ्याने वाचेन, तुम्ही वहीत लिहा. आठ महिने मी ऐकलं, आता माझा आवाज तुम्ही ऐका.

पन्नासांच्या डब्यातली ती एक रिकामी पुंगळी धुऊन, पुसून सतराव्या खाचेत परत ठेवली आहे. शनिवारी दहा वाजता तुम्हाला घ्यायला येते. काकूंना सांगा, पायाचं मांस तांबड्या रश्श्यासाठी वेगळं काढलं आहे, चटणी तेवढी त्यांची हवी.

तुमची,
गॅरेजातली विद्यार्थिनी