भाच्याचं लिव्हरपूल आणि आमची काळी माती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर हल्ली इंग्लंडच्या फुटबॉलला भरपूर जागा मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पेपर आला की मी ते पान आधी उघडतो आणि निधनवार्ता नंतर. (वय पाहता क्रम उलटा हवा, असं सौ.चं म्हणणं.) पण जिंकणाऱ्या टीमकडून चाहत्यांनी किती मागावं यावरून आमच्या घरात वर्षभर जे चाललं आहे, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, शिकायला माझ्याकडे राहतो. पक्का लिव्हरपूलवाला. २७ एप्रिल २०२५ ला रात्री नऊला मॅच सुरू झाली, टॉटनहॅमला ५-१ हरवून लिव्हरपूलने इंग्लंडच्या लीगचं विसावं विजेतेपद घेतलं आणि या पठ्ठ्याने गल्लीत लड लावली. शेजाऱ्यांना वाटलं आयपीएल. मला म्हणाला, "मामाजी, आता पाच वर्षं कोणी हात लावत नाही आपल्याले."

आपल्याले! नागपूरच्या इंदोऱ्यात बसून.

त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी त्याच ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड बदली खेळाडू म्हणून उतरला, तर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पोरगा सहाव्या वर्षापासून त्या क्लबात वाढलेला, लीग आणि चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला. गुन्हा एवढाच, की करार संपल्यावर जातो म्हणाला. आमच्या हॉलमध्येही शिट्ट्या वाजल्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला, तर त्यावरूनही भांडण.

जुलैत लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये कार अपघातात गेले. १५ ऑगस्टच्या रात्री साडेबाराला नवा सीझन सुरू झाला. बोर्नमथला ४-२ हरवलं, पण मॅच संपल्यावर त्याचा सहकारी सलाह जोटासाठी गाणाऱ्या प्रेक्षकांपुढे उभा राहून रडत होता. भाचा त्या रात्री काही न बोलता झोपायला गेला. मला वाटलं, पोराला समज आली.

समज सप्टेंबरअखेरपर्यंत टिकली. लीगचे पहिले पाच सामने जिंकले तोवर सगळं गोड. मग लागोपाठ चार हरले. २२ नोव्हेंबरला, शनिवारी साडेआठच्या मॅचला, तो मला धरमपेठेतल्या एका कॅफेत घेऊन गेला. मोठा पडदा, दहा-बारा लाल जर्स्या, तीनशे रुपयांची कॉफी. समोर नॉटिंगहॅम फॉरेस्ट. दुसरा हाफ सुरू होऊन मिनिटभर होत नाही तोच दुसरा गोल बसला आणि मागच्या टेबलावरच्या एका पोराने खुर्चीला लाथ घातली. तिचा पाय मोडला. तिसरा गोल झाल्यावर कॅफेवाल्याने पडदाच बंद केला आणि जुनी गाणी लावली. शहाणा माणूस.

परत येताना स्कूटरवर मागून सुरू झालं, "मामाजी, या कोच स्लॉटले आजच्या आज हाकलाले पाहिजे."

"काहून? सात महिन्यांआधी तर त्याचा फोटो डीपीले लावून फिरत होता तू."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. चाळीस कोटी पौंडांच्या वर खर्च करून प्लेअर घेऊन देल्ले त्याले. इसाक एकटाच साडेबारा कोटींचा!"

"तुह्या खिशातून गेले का?"

"मी जर्सी घेतली ना!"

ती जर्सी सीताबर्डीच्या फुटपाथवरून साडेतीनशेला घेतली आहे. लिव्हरपूलच्या खात्यात त्यातला एक पैसा गेला नसावा. चार दिवसांनी, रात्री दीडला, पीएसव्ही या डच क्लबने त्याच मैदानावर ४-१ ने हाणलं. तेव्हा भाच्याने सलाहलाही म्हातारा ठरवलं. आदल्या सीझनला एकट्या लीगमध्ये २९ गोल मारलेला माणूस!

आता माझं ऐका. मी रेल्वेत होतो, मोतीबागेला नोकरी केली आणि ऐंशीच्या दशकात जिल्हा लीगमध्ये गोलकीपर म्हणून खेळलो. क्लबचं नाव लिहीत नाही, जुनी माणसं ओळखतील. एका वर्षी आम्ही शिल्ड जिंकली. वस्तीत बँड लागला, ट्रॉली काढली, आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याने महिनाभर मला तंबाखूचा खर्रा फुकट घोटून दिला. (आता सोडला, डॉक्टरांच्या धाकाने.) पुढच्या जुलैत पहिलीच मॅच कामठीच्या टीमशी. कामठीवाले म्हणजे चेंडू घेऊनच जन्मलेली पोरं. वरून पाऊस. आपल्याकडची काळी माती भिजली की काय होते ते नागपूरकरांना सांगायला नको. बुटाखाली दोन-दोन इंच थर, उडी मारायला गेलं तर जमीन सोडत नाही. साधा घरंगळत आलेला चेंडू, मी खाली बसलो, चिखलाने माखलेल्या हातांतून तो साबणाच्या वडीसारखा निसटला आणि दोन पायांच्या मधून गेला. १-० ने हरलो.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर गेलो. त्याने खर्रा घोटला, पुडी बांधली आणि म्हणाला, "मागचे बावीस रुपये राहिले, भाऊ." फुकट दिलेला सगळा खर्रा त्याने लिहून ठेवला होता!

राग आला, पण तो टिकला नाही. कारण हा माणूस आदल्या दिवशी दुकान बंद करून, सायकल मारत, माझ्याच गोलच्या मागे पावसात उभा होता. पूर्ण मॅच शिव्या देत होता आणि कॉर्नर आला की "मागचा पोस्ट पाह्य!" असंही ओरडत होता. ते मला ऐकू यायचं. पुढच्या रविवारीही तो आलाच. बावीस रुपये मी दिले.

तिकडच्या, मैदानावर जाणाऱ्या चाहत्यांनाही मी मानतो. ६ फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट. लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वांत महागडं तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. संडरलँडविरुद्ध टीम २-० ने पुढे असताना ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. जिंकत असलेली मॅच सोडून! नंतर सामना २-२ झाला तो भाग वेगळा. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच मालकांनी बाकीच्या बड्या क्लबांबरोबर सुपर लीगचा, म्हणजे फक्त बड्यांच्या वेगळ्या स्पर्धेचा, घाट घातला, तोही इंग्लंडातल्या चाहत्यांनी दोन-तीन दिवसांत मोडून काढला. या लोकांनी तिकीट परवडावं एवढं मागितलं, क्लब आपला राहावा एवढं मागितलं. कप मिळेल न मिळेल, ते मैदानावर ठरतं हे त्यांना ठाऊक असावं, कारण १९९० नंतर पुढच्या विजेतेपदासाठी ते तीस वर्षं थांबले होते. आणि २०२० मध्ये ते मिळालं, तेव्हा कोरोनामुळे स्टेडियम रिकामं.

भाच्याला हे सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "मामाजी, त्यायचं ठीक आहे. माह्यापाशी इथं स्कोअरशिवाय काय येते?"

हे त्याचं बरोबर आहे, हो. तिकिटाची रांग नाही, भिजणं नाही, गोलच्या मागे उभं राहून ओरडणं नाही. पोहोचतो तो फक्त आकडा. मग पोरगं आकड्यावरच जीव काढणार. तीच टीम वर्षभर जिंकली तरी त्याचं पोट भरणार नाही, पुढच्या वर्षी तो दोन कप मागेल.

तेव्हा मी त्याला एका रविवारी जिल्हा लीगच्या मॅचला नेलं. तिकीट नव्हतंच. प्रेक्षक मोजले, छप्पन्न, त्यात दोन्ही टीमचे राखीव खेळाडू आले. हाफटाइमला तर्री-पोहे खाल्ले. दुबळ्या टीमच्या कीपरने, असेल सतरा-अठराचा, एक चेंडू असा काही उडून बाहेर काढला, की भाचा लाइनीवर जाऊन ओरडला, "वा बे!" पोराने वळून पाहिलं आणि हसला. ती टीम ३-० ने हरली. भाच्याने कोणालाच हाकलायला सांगितलं नाही.

पण ती मॅच किती वाजता आणि कुठे आहे हे कळायला मला तीन जुन्या सोबत्यांना फोन करावे लागले. दोघांना माहीत नव्हतं, तिसऱ्याने वेळ चुकीची सांगितली, त्यामुळे पहिली वीस मिनिटं आमची हुकली.

संपादक महोदय, प्रीमियर लीगची गुणतालिका आपण वीसच्या वीस टीमसकट छापता. तिच्याखाली दोन ओळी द्या, आज जिल्हा लीगमध्ये कोण विरुद्ध कोण, कोणतं मैदान, किती वाजता. जागा कमी पडत असेल तर स्लॉटचा फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक जुना गोलकीपर,
इंदोरा, नागपूर

(नाव छापू नये. भाचा हल्ली आपला पेपर वाचतो.)